खेळ म्हणावे कशाला?

खेळ कशाला म्हणायचे, हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकडा वाटतो. मुले मैदानात उतरली की खेळ झाला, त्यात ठरवायचे ते काय? पण आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. एखाद्या प्रकारावर ‘खेळ’ हा शिक्का बसला की कुणाच्या तरी घरात पगार येतो. शिक्का नाकारला की कुणाची तरी दहा वर्षांची मेहनत निव्वळ हौस ठरते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तेव्हा गोविंदा आनंदले आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी अनेक मुले नाराज झाली. दोघांचाही प्रश्न पोटाचा होता.

मग माप कोणते लावायचे? काहीजण म्हणतात, घाम गळतो तो खेळ. घाम तर हमालही गाळतो. उलट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, त्याची सारी साधना जराही न हलण्याची होती.

दुसरे म्हणतात, ऑलिंपिकमध्ये आहे तो खेळ. हेही माप कच्चे आहे. १९०० ते १९२० या काळात तिथे रस्सीखेच होती, पुढे ती गेली. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी ज्या कुस्तीत कांस्यपदक जिंकले, ती कुस्ती २०२० च्या ऑलिंपिकमधून वगळावी असे फेब्रुवारी २०१३ मध्ये ठरले आणि सप्टेंबरमध्ये ती परत आली. मधले सात महिने आपल्या तालमींतली लाल माती काही बदलली नव्हती. अमरावतीच्या पथकाने १९३६ मध्येच बर्लिनला कबड्डी दाखवली, पण तिला पदकाचा मान ऑलिंपिकने अजून दिलेला नाही. आणि गंमत ऐका, १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये साहित्याला पदके होती! आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ यांनी १९१२ मध्ये टोपणनावाने कविता पाठवून सुवर्णपदक मिळवले. कवयित्री म्हणून मला हे वाचून बरे वाटले. पण कविता खेळ नव्हे. कवी कधी हरतच नाही, त्याच्या मते परीक्षकालाच कविता कळलेली नसते.

मला वाटते, खेळाची खूण इथेच आहे. खेळात हार मानावी लागते. नियम दोघांना सारखा असतो, आणि हरलेला संध्याकाळी धडधाकट घरी परततो. आपल्या कुस्तीची भाषाच पाहा. पैलवान आणि कुस्ती हे शब्द फारसीतून आले, वस्ताद म्हणजे मूळचा उस्ताद, आणि तालीम या अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. शब्द कुठून आला हे आखाड्यात कुणी विचारत नाही. पाठ टेकली की कुस्ती चितपट, मग पैलवान कुठल्याही घरचा असो.

आणखी एक अट मी घालीन. खेळणाऱ्याचा स्वतःचा होकार हवा. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, आणि राज्याने केलेला नवा कायदा १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न मिटला. पण बैलाला कुणी विचारले? ऑलिंपिकमधल्या घोड्यालाही कुणी विचारत नाही, हे खरे. म्हणूनच, जो होकार देऊ शकत नाही त्याच्या अंगाला इजा होऊ न देणे ही होकार देणाऱ्याची जबाबदारी ठरते.

दहीहंडीत हाच प्रश्न सर्वांत वरच्या थरावर उभा असतो. १४ वर्षांखालील मुलांना चढवणार नाही, असे सरकारने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगितले होते. दहीहंडीला खेळ म्हणायला माझी हरकत नाही. तिच्यात सराव आहे, तोल आहे, खालच्या थराचा निमूट सोसणारा खांदा आहे. पण मग वय तपासणारा पंच हवा, दोरी आणि शिरस्त्राण हवे, आणि बक्षिसाच्या रकमेसाठी थर वाढवायचा मोह आवरणारा नियमही हवा. हे नसेल तर तो दर्जा फक्त कागदावरचा.

आणि शिक्का मारणाऱ्यांनी एकदा बायकांकडेही पाहावे. आमच्या गल्लीत नागपंचमीला फुगड्यांचे फेर धरले जात, त्यात मीही असे. दम संपेपर्यंत गिरकी, मनगटाची पकड, पायांचा ताल, आणि शेवटी कुणीतरी आधी थांबणारी, म्हणजे हरणारीही. मंगळागौरीच्या खेळांत तर रात्र सरते. ‘खेळ’ हा शब्द त्यांच्या नावातच आहे, तरी त्यांचा दम कुणी मोजला नाही. त्याला रीत म्हटले गेले. सगळ्या फुगड्यांना पदके द्या, असे मी म्हणत नाही. पण खेळांची पुढची यादी करायला जे बसतील, त्यांच्यात फुगडी घातलेली एखादी बाई असावी, एवढी माझी मागणी आहे.