झाकणावरचा नंबर



मी आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झालेला अधिकारी. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. माझी बरीचशी नोकरी डाळ, तांदूळ, कणीक, तेल आणि डबे मोजण्यात गेली. जवानाला वेळेवर आणि धड खायला मिळावं, एवढंच आमचं काम. हल्ली मी खाद्यपदार्थ करणाऱ्या लहान उद्योगांना गोदाम आणि नोंदी लावून द्यायला मदत करतो. त्या लोकांना एक शब्द ऐकला की घाम फुटतो, तो म्हणजे ट्रेसेबिलिटी. अर्थ साधा आहे. हातातला माल कुठून आला आणि माझ्याकडून कुठे गेला, याचा माग काढता येणं.

आधी माझी चूक सांगतो, मग तुमच्या कामाकडे येतो.

१९८८ च्या उन्हाळ्यात मी कॅप्टन होतो आणि लडाखमधल्या एका डेपोत होतो. त्या काळी हिवाळ्यात झोजिलाचा रस्ता महिनोन्‌महिने बंद असायचा. म्हणून रस्ता उघडा असताना पुढच्या सगळ्या थंडीचा शिधा भरून ठेवायचा. जागा कमी, माल जास्त. डबाबंद भाजीच्या पेट्या फार जागा खात होत्या. मी हुकूम दिला, पेट्या फोडा आणि डबे सुटे रचा. लॉट नंबर पेट्यांवर होता, तसा प्रत्येक डब्याच्या झाकणावरही ठोकलेला होता. त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. वरच्या पोस्टना माल गेला तेव्हा व्हाउचरवर लिहिलं की इतके डबे दिले. कोणत्या लॉटचे, हे लिहिलं नाही. खाली सही माझी.

जानेवारीत एका पोस्टवरून वायरलेस आला. सहा जवानांना उलट्या आणि जुलाब, त्यातल्या दोघांना उठून बसताही येत नव्हतं. हवामान असं की हेलिकॉप्टर उडणं शक्य नाही. आदल्या रात्री लंगरमध्ये हीच भाजी झाली होती. मी विचारलं, डबे फुगलेले होते का? तिथले सुभेदार साहेब म्हणाले, होते सर, पण इथे तर सगळेच फुगतात.

ते खोटं बोलत नव्हते. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे चांगला डबाही थोडा फुगतो. आतलं पाणी गोठलं तरी फुगतो. आणि आत जंतू वाढून वायू झाला तरीही फुगतो. नुसतं बघून फरक कळत नाही. फरक कळतो तो नंबरावरून. सगळ्याच लॉटचे डबे सारखे फुगले असतील तर ते उंचीमुळे, एकाच लॉटचे जास्त फुगले असतील तर माल बिघडलेला.

मी सगळ्या पोस्टना कळवलं, पुढचा हुकूम येईपर्यंत ही भाजी उघडायची नाही. पण खराब लॉट कोणता? खाल्लेले डबे तर फेकून दिलेले. तेवढ्यात सुभेदार साहेबच म्हणाले, "सर, ढक्कन खड्डे में पड़े हैं, निकलवाऊँ क्या?" बर्फ खोदून त्यांनी कचऱ्याच्या खड्ड्यातून झाकणं काढली. सगळ्यांवर एकच नंबर. मग त्या नंबराचे डबे आणखी कुठे गेलेत ते शोधायचं. माझ्या व्हाउचरवर उत्तर नव्हतं, म्हणून प्रत्येक पोस्टवर जवान कंदिलाच्या उजेडात एकेक डबा उलटून बघत बसले. दोन रात्री गेल्या. दोन पोस्टवर तो लॉट सापडला. त्यातल्या एका ठिकाणी आमचा हुकूम पोचला तेव्हा चार डबे पातेल्यात गरम करायला ठेवलेले होते.

तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं, दोघांना खाली आणलं. सहाही जण वाचले. पण त्या दोन रात्री मला झोप आली नाही. व्हाउचरवर एक नंबर जास्त लिहिला असता, तर हे काम अर्ध्या तासाचं होतं.

नंतर अभ्यास करताना कळलं की आज जगभर अन्नसुरक्षेसाठी वापरली जाणारी हॅसप पद्धतही अर्धी फौजीच आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पिल्सबरी कंपनी, नासा आणि तिथल्या सैन्याची नॅटिकची प्रयोगशाळा अंतराळवीरांसाठी अन्न तयार करत होती. तयार माल तपासून खात्री करायची तर तपासण्यातच एवढा माल संपायचा की खायला थोडाच उरायचा. म्हणून त्यांनी विचार उलटा केला. धोका कोणत्या पायरीवर शिरू शकतो ते आधी ठरवायचं, तिथे पहारा ठेवायचा आणि लिहून ठेवायचं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या, द्राक्षांचं. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यातून अपेडाने ग्रेपनेट उभं केलं. बागेची नोंदणी, त्या बागेचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, सगळं एका साखळीत. नाशिकची पेटी तिकडे उघडली तरी बागेपर्यंत मागे जाता येतं. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनामुळे पुन्हा फटका बसला, कारण ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. म्हणजे माग काढता आला म्हणून माल आपोआप सुरक्षित होत नाही. पहारा वेगळा, माग वेगळा. दोन्ही लागतात.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही इंदूरला शेव करत असाल, बडोद्याला भाजणी विकत असाल किंवा हैदराबादला मसाले. पाकिटावर १४ आकडी परवाना क्रमांक छापता, बॅच नंबरही छापता. पण बरेच जण तो नंबर छापायचा म्हणून छापतात, त्याच्यामागे वहीत काहीच नसतं. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. एखादा माल असुरक्षित निघाला, तर तो ज्या लॉटमधला आहे तो सगळा लॉट असुरक्षित धरला जातो, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि असा माल बाजारातून परत घेण्याची जबाबदारी तुमची. तुमच्याकडे लॉटच नसतील, तर वेगळं काय काढून दाखवणार? सगळं दुकान एकच लॉट!

लॉट म्हणजे काही अवघड नाही. आपल्या घरात घाणा म्हणतात तोच. प्रत्येक घाण्याला एक नंबर द्या. वहीत तीन गोष्टी लिहा: त्यात कोणत्या पोत्यातली मिरची आणि कोणत्या डब्यातलं तेल गेलं, तो कोणी आणि कधी केला, आणि कोणत्या दुकानदाराला किती दिला. मिरचीचं एक पोतं शेवेत जातं, मसाल्यात जातं, लोणच्यातही जातं, हे विसरू नका. आणि जुन्या पिंपात नवं पोतं ओतू नका. आधीचं संपवा, पिंप पुसा, मग भरा. मी पेट्या फोडल्या होत्या, तुम्ही पिंपात मिसळता. चूक तीच.

महिन्यातून एकदा कवायत करा. दुकानातून स्वतःचंच एक पाकीट आणा, घड्याळ लावा आणि त्यावरच्या नंबरावरून दोन्हीकडे जा: मागे पोत्यापर्यंत, पुढे शेवटच्या दुकानापर्यंत. पहिल्यांदा दिवस जाईल. चार-पाच वेळा केलं की तासाभरात जमेल. जिथे अडाल तिथे वहीत भोक आहे असं समजा.

त्या प्रसंगानंतर माझ्या डेपोतून लॉट नंबर लिहिल्याशिवाय एकही व्हाउचर निघालं नाही. कारकून वैतागायचे, म्हणायचे, सर, केवढं लिहायचं. मी त्यांना खड्ड्यातून काढलेलं एक झाकण दाखवायचो. ते अजून माझ्या टेबलावर आहे, गंजलंय, पण नंबर वाचता येतो.

जय हिंद.