आपल्या वाट्याचा एक तास
(कवठे येमाई येथील वार्षिक सभेतील भाषण)



घोड आणि कुकडी नद्यांच्या या परिसरात मुले पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. समुद्र आपल्यापासून दूर. तरीही आज आम्ही समुद्रातील एका पोहण्याविषयी बोलणार आहोत, कारण रुग्णालयाच्या कारभाराशी त्याचे निकटचे नाते आहे.

इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील इंग्लिश खाडीचे सरळ अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. २४ जून २०१८ रोजी आपल्या महाराष्ट्राचे चेतन राऊत, मध्य प्रदेशचे सत्येंद्रसिंह लोहिया, पश्चिम बंगालचे रिमो साहा आणि राजस्थानचे जगदीशचंद्र तेली या चार दिव्यांग जलतरणपटूंनी ती रिले पद्धतीने १२ तास २६ मिनिटांत पार केली.

या रिलेचे नियम कडक असतात. प्रत्येकाने एक तास पोहावयाचे, ठरलेला क्रम मोडावयाचा नाही, पोहताना सोबतच्या बोटीचा आधार घ्यावयाचा नाही. एकालाही आपला तास पुरा करता आला नाही, तर सर्वांचेच पोहणे बाद ठरते. चौघांत १२ तास वाटले, तर प्रत्येकास तीनदा त्या थंड पाण्यात उतरावे लागते. एकदा वेगाने पोहून भागत नाही. वेळ येताच पुन्हा उतरावे लागते. इंग्लंडमध्ये अशा रिलेत भाग घेणारे अनेक जण त्यानिमित्त परिचितांकडून देणग्या मिळवून रुग्णसेवेस अर्पण करतात.

आता आपला हिशेब पाहू. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. शहरातील मोठ्या रुग्णालयाची देयके मोठी, म्हणून त्याचे २ टक्केही मोठे. ग्रामीण रुग्णालयाची देयके लहान, निधीही लहान. गरजूंची संख्या मात्र लहान नसते. ही तफावत देणग्यांनीच भरून निघते.

देणग्यांचा ओघ दिवाळीत आणि मार्चअखेरीस वाढतो, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो. सर्पदंशाचा रुग्ण भर पावसाळ्यात, मध्यरात्री येतो. त्यांना मार्चपर्यंत थांबा असे सांगता येत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक देणगीदार कुटुंबाने वर्षातील एक महिना आपला मानावा आणि त्या महिन्यात यथाशक्ती रक्कम निधीत भरावी. रक्कम लहान असली तरी चालेल. महिना मात्र चुकू नये. ज्यांच्या घरच्या रुग्णाला येथून बरे होऊन जाता आले, त्यांनीही एखादा महिना स्वीकारल्यास आम्हांस विशेष समाधान वाटेल. बाराही महिन्यांना आपला माणूस मिळाला, तर कोणताही निर्धन रुग्ण निधीअभावी परत जाणार नाही.