जर्सीवरचं नाव आणि मागचा पैसा



आज मी एकच प्रश्न घेऊन आलोय. एखाद्या क्रिप्टो कम्युनिटीने ई-स्पोर्ट्सच्या टीमला स्पॉन्सर करावं का? प्रश्न लांबचा वाटेल. पण या हॉलमध्ये बीजीएमआय खेळणारे किती, हात वर करा. बघा. आता टेलिग्रामवर एखाद्या टोकनच्या ग्रुपमध्ये असलेले किती? हात कमी झाले, हसणारे वाढले. म्हणजे प्रश्न आपल्याच घरातला आहे.

स्पॉन्सर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मोहल्ल्यातली टेनिस बॉलची टुर्नामेंट आठवा. जर्सीवर बिल्डरचं नाव, ट्रॉफी नगरसेवकाकडून, बॉलचा खर्च मोबाइलच्या दुकानवाल्याकडे. दुकानवाला तीन हजार देतो, कारण मॅच बघायला आलेल्यांनी कव्हर आणि चार्जर त्याच्याकडून घ्यावेत. उद्या त्याचं दुकान बंद पडलं तर नुकसान त्याचं. तुम्ही घेतलेलं कव्हर तुमच्याकडेच राहतं.

क्रिप्टो कम्युनिटीच्या बाबतीत हे गणित बदलतं. तिच्याकडे विकायला बहुतेक वेळा एकच माल असतो, तिचं स्वतःचं टोकन. आणि ते सभासदांनी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. नवीन माणूस आला की भाव वाढतो, भाव वाढला की जुन्याला फायदा. मॅच बघणारा सतरा वर्षांचा मुलगा इथे नुसता ग्राहक नसतो, जुन्या सभासदाला बाहेर पडायचा दरवाजा असतो. म्हणून अशी कोणतीही ऑफर आली की मी आधी विचारतो, हा पैसा आला कुठून आणि तो परत कुठून काढायचा बेत आहे?

सगळ्या कम्युनिट्या सारख्या नसतात, हेही खरं. डोजकॉइनवाल्यांनी 2014 मध्ये अमेरिकेत नॅसकार शर्यतीतल्या जॉश वाइज या ड्रायव्हरसाठी वर्गणी काढली. सुमारे 55 हजार डॉलर किमतीची नाणी जमली आणि कुत्र्याच्या चित्राची गाडी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर धावली. गंमत होती, देणाऱ्यांनी खिशातून दिलं आणि विषय संपला. मला यात काही वावगं दिसत नाही. आपल्याकडे मंडळं वर्गणी काढतात तसंच.

ई-स्पोर्ट्समधलं नेमकं उदाहरण म्हणजे नाउन्स. त्यावर जरा थांबतो, कारण इंजिनिअर म्हणून मला ती रचना आवडते. 2021 च्या ऑगस्टमध्ये इथेरियमवर ती सुरू झाली. रोज चौकोनी चष्मा घातलेलं एक पिक्सेलचं चित्र तयार होतं, चोवीस तास त्याचा लिलाव चालतो आणि आलेलं इथर थेट सामायिक खजिन्यात जमा होतं. पहिल्याच लिलावात 613 इथर मिळाले होते. ज्याच्याकडे चित्र, त्याला मत. कुणीही पुरेशी चित्रं असणारा प्रस्ताव मांडतो, मतदान होतं, मंजूर झालं की ठरलेली मुदत थांबून कोडच पैसे पाठवतो. खजिनदार नाही, सहीचा चेक नाही, पावतीपुस्तक हरवल्याची कारणं नाहीत. प्रत्येक व्यवहार जगात कुणालाही बघता येतो. आपल्या किती संस्थांचा हिशोब असा उघडा असतो?

याच खजिन्यातून नाउन्सची ई-स्पोर्ट्स टीम उभी राहिली. त्यांची डोटा 2 ची टीम 2023 मध्ये सिएटलला ‘दि इंटरनॅशनल’ या स्पर्धेत खेळली, जी त्या खेळातली सर्वांत मोठी स्पर्धा. शिवाय चष्म्याच्या त्या चित्रांवर कॉपीराइट ठेवलेला नाही. कुणीही वापरा, टी-शर्ट छापा, विका. टीमने तो चष्मा मिरवला म्हणून बघणाऱ्याला काही विकत घ्यावंच लागतं असं नाही. म्हणजे पैसा आधी जमलेला, खर्च उघड, आणि प्रेक्षकाच्या खिशावर थेट डोळा नाही. कम्युनिटीने स्पॉन्सर करायचंच असेल तर या बाजूने जावं असं माझं मत.

पण याच नाउन्समध्ये दोन गोष्टी खटकतात. इथे एक माणूस एक मत असं नसतं. एक चित्र, एक मत. ज्याच्याकडे पन्नास चित्रं त्याची पन्नास मतं. डिस्कॉर्डवर गप्पा मारणारे हजारो असले तरी निर्णय वॉलेटवाल्यांचा. ‘कम्युनिटीने ठरवलं’ हे वाक्य ऐकलं की मला म्हणून थोडं हसू येतं. आपण नागरिक म्हणून ज्या मताधिकाराची भाषा बोलतो, ती इथे लावू नका. ही भागधारकांची सभा आहे.

दुसरी गोष्ट 2023 च्या सप्टेंबरमधली. खजिना कशावर खर्च होतोय यावरून नाराजी होतीच. काहींनी तर चित्रं खजिन्यातल्या वाट्यापेक्षा स्वस्त मिळतात म्हणून मुद्दाम घेऊन ठेवली होती. नियमात फुटून निघायची सोय होती. निम्म्याहून जास्त चित्रांचे मालक आपापला वाटा घेऊन निघाले, सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर. नियमाप्रमाणेच झालं, चोरी कुणी केली नाही. पण समजा तुम्ही त्या टीममधला खेळाडू आहात. नोकरी सोडून, घरच्यांना समजावून दिवसाला दहा तास सराव करताय. तुमचा पगार ज्या तिजोरीतून येतो तिचा मोठा भाग काही दिवसांत निघून जातो. भिशीत एखादी खाला मध्येच निघाली तर बाकीच्या तिच्या घरी जाऊन बसतात. इथे कुणाच्या घरी जाणार?

आता दुसरं टोक. एफटीएक्स. ही कम्युनिटी नव्हती, नाणी खरेदी-विक्रीचं एक्सचेंज होतं, कंपनी होती. तरी ते सांगायला हवं, कारण ई-स्पोर्ट्समध्ये क्रिप्टोचा सर्वांत मोठा पैसा तिथूनच आला. 2021 च्या जूनमध्ये एफटीएक्सने टीएसएम या अमेरिकन संघाशी 10 वर्षांचा, 21 कोटी डॉलरचा करार केला. संघाचं नावच टीएसएम एफटीएक्स झालं. लीग ऑफ लेजेंड्स बनवणाऱ्या रायट कंपनीने आपल्या लीगमध्ये ते नाव चालणार नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला वाटेल, वा, काय तत्त्वनिष्ठ कंपनी. दोन महिन्यांनी त्याच रायटने त्याच एफटीएक्सशी लीगचा 7 वर्षांचा करार केला.

टीएसएमच्या करारातला एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एफटीएक्सचं स्वतःचं टोकन होतं, एफटीटी. करारासोबत टीएसएमने 10 लाख डॉलरचं एफटीटी घेऊन आपल्या खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना वाटायचं ठरवलं. बोनस दिल्यासारखं वाटतं, नाही? 2022 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते टोकन 22 डॉलरच्या वर होतं. आठवडाभरात 3 डॉलरच्या आसपास आलं. 11 नोव्हेंबरला एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यानंतर काही दिवसांतच टीएसएमने करार थांबवला आणि जर्सीवरून नाव उतरवलं. रायटला आपला करार मोडायला कोर्टात जावं लागलं. त्यात त्यांची एक तक्रार अशीही होती की एफटीएक्सचा मालक सॅम बँकमन-फ्रीड मीटिंगमध्येसुद्धा लीग ऑफ लेजेंड्स खेळायचा, हे जगजाहीर झाल्याने आमच्याच खेळाची बदनामी होते. ग्राहकांच्या ठेवी परस्पर वापरल्याच्या फसवणुकीत तो दोषी ठरला, 2024 च्या मार्चमध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली.

लोक याचा अर्थ काढतात की ‘ती कंपनी चोर निघाली, आमची कम्युनिटी तशी नाही’. नसेलही. मला त्यात दिसतं ते वेगळं. स्पॉन्सर चांगला की वाईट, हे खेळाडूला करार करताना कळूच शकत नव्हतं. मोठमोठ्या गुंतवणूकदारांना कळलं नाही, तिथे वीस वर्षांच्या गेमरला काय कळणार? त्याच्या हातात एकच गोष्ट होती, पैसा कशात घ्यायचा. डॉलर घेतले असते तर डॉलर उरले असते.

आणि कधी कधी खेळाडूचा चेहराच विकला जातो. 2021 मध्येच ‘सेव्ह द किड्स’ नावाचं टोकन आलं. मुलांच्या मदतीसाठी म्हणे. फेझ क्लॅन या नामांकित गेमिंग गटातल्या काहींनी त्याचा प्रचार केला, भाव लगेच कोसळला, ज्यांनी चाहते म्हणून पैसे टाकले होते ते बुडाले. फेझने एकाला काढून टाकलं आणि तिघांना निलंबित केलं. चाहत्यांचे पैसे त्याने परत येत नाहीत. आपल्याकडेही ओळखीतून साखळी लावणं नवं नाही. गेनबिटकॉइनने दरमहा 10 टक्के परताव्याचं आमिष दाखवलं होतं, त्याचा तपास पुणे पोलिसांनी केला. तिथे नातेवाईक नातेवाइकाला आणत होता. गेमिंगमध्ये स्ट्रीमर फॅनला आणतो.

आता आपल्या गल्लीत येतो. काही दिवसांपूर्वी पाच मुलं माझ्याकडे आली. चांगलं खेळतात, दोघे बारावीत. एका टोकनच्या ग्रुपने त्यांना देऊ केलं होतं, जर्सी आणि दरमहा प्रत्येकी तीस हजारांची टोकनं. अट दोनच. स्ट्रीमवर रेफरल लिंक ठेवायची आणि मिळालेली टोकनं सहा महिने विकायची नाहीत. मी त्यांना म्हटलं, बाळांनो, दुसरी अट पुन्हा वाचा. टोकन खरंच तीस हजारांचं असेल तर ते ग्रुपवाल्यांनी स्वतः बाजारात विकावं आणि तुम्हाला रुपये द्यावेत. ते विकत नाहीत, कारण विकलं की भाव पडतो. तुम्हालाही विकू देत नाहीत, कारण तेच. मग हे तीस हजार आहेत कुठे? एका आकड्यात. आणि तो आकडा टिकवायचं काम तुमच्या लिंकवरून येणाऱ्या मुलांनी करायचं. त्यातला एक म्हणाला, “भाई, पण बाकी कुणी देतच नाही.” हे मात्र खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. छोट्या शहरातल्या टीमला स्पॉन्सर मिळत नाही. उर्दू शाळेतल्या मुलांच्या टीमला तर त्याहून नाही. गरज असते तिथेच असली ऑफर पोचते.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. कामाचा मोबदला म्हणून टोकन मिळालं तर मिळाल्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न धरलं जातं. म्हणजे कागदावर तीस हजार आणि सहा महिन्यांनी हातात आठ, असं होऊ शकतं. जाहिरातींच्या एएससीआय या संस्थेचाही त्याच तारखेपासून नियम आहे की क्रिप्टोच्या जाहिरातीत हे अनियंत्रित आहे, फार जोखमीचं आहे आणि नुकसान झालं तर दाद मागायला नियामक मिळणार नाही, असा इशारा हवा. छातीवरच्या लोगोखाली हा इशारा कोणत्या आकारात छापणार, हा प्रश्न मी त्या मुलांना विचारला, तेव्हा ते हसले.

सर्वांत जपायची गोष्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातली. त्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली. ‘पैसे’ म्हणजे फक्त रुपये नव्हेत, पैशासारखी चालणारी कॉइन आणि टोकनंही त्यात येतात. कम्युनिटी म्हणाली की आमच्या टीमच्या निकालावर फॅननी टोकन लावायचं, तर तो स्पॉन्सरशिपचा विषयच राहिला नाही. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे.

तर करावं का? कम्युनिटीत बसून मत द्यायची वेळ माझ्यावर आली, तर खजिन्यात इथर किंवा डॉलरसारखा बाहेरून आलेला पैसा असेल आणि एका सीझनची पूर्ण रक्कम पहिल्या मॅचआधी टीमच्या बँक खात्यात जाणार असेल, तर मी ‘हो’ म्हणेन. खजिना आपल्याच टोकनचा असेल तर ‘नाही’. तशा खजिन्यातून टीम पोसणं म्हणजे आपण छापलेल्या कुपनवर दुसऱ्याच्या मुलाला कामाला ठेवणं.

टीमच्या बाजूने सांगायचं तर मोबदला रुपयांत घ्या. रेफरल लिंक घेऊ नका. स्पॉन्सरवर गुन्हा दाखल झाला किंवा पैसे थकले तर लोगो उतरवायचा हक्क लेखी घ्या. टीएसएमला तो लगेच उतरवता आला, रायटला कोर्टाची वाट धरावी लागली, हा फरक लक्षात ठेवा. आणि अठराच्या आतल्यांनी सही करू नये. आपल्या कायद्यात अज्ञानाचा करार ग्राह्य नसतो, अब्बा किंवा अम्मींना सोबत घ्या आणि त्यांना तो मराठीत वाचून दाखवा. त्यांना समजला नाही असं एखादं कलम निघालं तर तिथेच थांबा.

ज्यांच्याकडे असा करार आलाय त्यांनी मोबाइलवर तो उघडून ठेवा. चहा होईपर्यंत मी इथेच आहे, एकेक वाचू.