नाणेघाटातील अंक आणि संगणकाची भाषा
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील विद्यार्थ्यांपुढील भाषण)



आपल्या नाणेघाटातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात यज्ञदक्षिणेचे आकडे कोरले आहेत. तेथे दहा, शंभर, हजार यांस निरनिराळी चिन्हे आहेत, शून्य नाही. आजची अंकपद्धती स्थिरावण्यास पुढे कित्येक शतके लागली.

संगणकाच्या भाषेस एवढी सवड कोठून? ज्युलिया ही भाषा २०१२ मध्ये जाहीर झाली. तिच्या चार जनकांपैकी विरल शहा हे एक. पुढे २०१८ पर्यंत तिच्या आवृत्त्यांचे क्रमांक शून्यानेच सुरू होत. याचा अर्थ, नियम अद्याप बदलतील. आजची आज्ञावली उद्या अडली तर तक्रार नको!

ऑगस्ट २०१८ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली, आणि तिच्याच जोडीला ०.७. मला कौतुक वाटते ते या ०.७ चे. दोन्ही जवळजवळ एकच, परंतु ०.७ जुनी रचना चालवून घेई व ती बाद होत असल्याची सूचना देई. १.० ती स्वीकारीत नसे. जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करण्यास त्यामुळे उसंत मिळाली. पुढील १.१, १.२ मध्ये १.० साठी लिहिलेले चालत राहील, असे अभिवचनही मिळाले.

खोडदच्या दुर्बिणीची जुनी निरीक्षणे शास्त्रज्ञ वर्षांनंतरही पुन्हा तपासतात. अशा कामी हे अभिवचन मोलाचे असते.