रंगाच्या सॉफ्टवेअरवर अख्खं एडिटिंग?

इचलकरंजीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. तो लग्नांचे व्हिडिओ करतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे भरतो, आणि आता त्याला ते बंद करायचंय. त्याचा प्रश्न असा, "दा विंची रिझॉल्व्ह फुकट आहे म्हणे, पण ते तर कलरचं ना? त्यावर पूर्ण एडिट होतं का? तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. मध्येच अडकलो तर पार्टीला काय सांगू?"

होतं. पूर्ण होतं. पण त्याच्या लॅपटॉपवर होईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कलरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन पहिल्यापासूनच लागते. पूर्वी सिनेमा एका सॉफ्टवेअरमध्ये कापायचे, मग कटची यादी कलरिस्टकडे जायची. कुठली क्लिप, कुठल्या फ्रेमपासून कुठल्या फ्रेमपर्यंत, एवढंच त्या यादीत असायचं. त्यावरून रिझॉल्व्ह मूळ फुटेज पुन्हा ओळीत लावायचं आणि मग रंगाचं काम सुरू व्हायचं. म्हणजे एडिटिंगचा सांगाडा आत होताच.

२००९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने दा विंची सिस्टिम्स विकत घेतली. तोवर ही यंत्रणा मोठ्या स्टुडिओंच्या खोल्यांमध्येच असायची. २०१०मध्ये मॅकवर ९९५ डॉलरला आली, २०११मध्ये फुकट आवृत्ती निघाली. पुढे एडिटिंग वाढत गेलं, २०१७मध्ये आवाजासाठी फेअरलाइट आलं, २०१८मध्ये इफेक्टसाठी फ्यूजन. त्यामुळे आज त्याला 'कलरचं सॉफ्टवेअर' म्हणणं म्हणजे मोबाइलला फोन करायचं यंत्र म्हणण्यासारखं आहे.

लग्नवाल्याला याचा खरा फायदा कुठे? सगळे म्हणतात, पैसे वाचतात. मला वेगळं वाटतं. समजा हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्याचं ग्रेडिंग झालंय. आता मुलीची आई म्हणते, तो मामांचा शॉट काढा आणि आजीचा घाला. दोन सॉफ्टवेअर असतील तर कट तिकडे बदला, यादी पुन्हा काढा, इकडे पुन्हा जुळवा. रिझॉल्व्हमध्ये कलर पेजवरून एडिट पेजवर जायचं, शॉट बदलायचा, परत यायचं. बाकीच्या शॉटचे रंग जागच्या जागी. आणि पार्टी फायनल झाल्यावर बदल सांगणारच, हे तुम्हाला मी सांगायला नको!

आता लॅपटॉप. हे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर जगतं. फोर-के फ्रेममध्ये साधारण ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर जवळपास २५ कोटी पिक्सेलचा हिशेब दर सेकंदाला करायचा, तोही रंगाच्या प्रत्येक पायरीवर. शिवाय मोबाइलचा व्हिडिओ दाबून साठवलेला असतो. बऱ्याच फ्रेम पूर्ण नसतातच, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. मधलीच एक फ्रेम हवी तर शेजारच्या काही उलगडाव्या लागतात. म्हणून प्ले केलं की अडखळतं, आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

आपल्या मित्राकडे ८ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कंपनी १६ जीबी सुचवते, फ्यूजन वापरायचं तर ३२. तर भावा, आधी प्रॉक्सी बनवायला शीक. मूळ फुटेजची हलकी प्रत तयार होते, काम तिच्यावर करायचं, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून. तरीही जड जात असेल तर जे पैसे दर महिन्याला भरतोस ते साठवून रॅम वाढव. नवा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नकोस, निदान एक सीझन तरी.

फुकट आवृत्तीला बंधनं आहेत. अल्ट्रा एचडीपर्यंतच एक्स्पोर्ट होतं, रात्रीच्या वरातीतले दाणे काढणारं नॉइज रिडक्शन त्यात नाही. त्यासाठी स्टुडिओ आवृत्ती लागते, पण ती एकदाच विकत घ्यायची असते.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी बघ. फ्रेम रेट आधी ठरव. टाइमलाइनवर काम सुरू झालं की तो बदलता येत नाही, आणि मोबाइलने ३०वर शूट करून प्रोजेक्ट २४वर सुरू करणारे खूप जण आहेत. दुसरं, प्रोजेक्टची फाइल फोल्डरमध्ये शोधू नकोस. ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असते. दर दोन-तीन दिवसांनी प्रोजेक्ट बाहेर एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेव. विंडोज उडालं तर फुटेज असेल, पण कट कुठून आणशील?

ज्यांना नुसते रील करायचेत, त्यांनी या फंदात पडूच नये. मोबाइलवरचं ॲप दहा मिनिटांत काम संपवतं. इथे कलरच्या नोड समजायलाच आठवडा जाईल.

आणि हो, सीझनआधी नवरा-नवरीची नावं टायटलमध्ये टाइप करून बघ. 'ज्ञानेश्वरी', 'श्रीकृष्ण', 'ऋत्विक', असली नावं. जोडाक्षरं तुटतायत का, वेलांटी सरकते का, ते फॉन्ट बदलून तपास. पत्रिकेतलं नाव पडद्यावर फुटलं तर तुझं ग्रेडिंग कोणी बघणार नाही. पहिला व्हिडिओ झाला की लिंक पाठव रे, ऐकणाऱ्यांनाही दाखवू.