शेजारी कोण?

आपला शेजारी कोण, असें एका शास्त्र्यानें विचारलें, तेव्हां येशू ख्रिस्तानें व्याख्या केली नाहीं. एक गोष्ट सांगितली. वाटेंत जखमी पडलेल्या मनुष्यास याजक व लेवी टाळून गेले. परका शोमरोनी मात्र जवळ गेला. जवळ गेला म्हणूनच जखम कोठें आहे हें त्यास कळलें. ओळख आधीं, सेवा मागून.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत हाच क्रम दिसतो. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप गेले. भूक त्यांस पुस्तकांतून कळली नव्हती. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुष्कळ टीका झाली. पण १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुलींस घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्या मुलींस अन्नाबरोबर अक्षरें, विणकाम व छापखान्याचें कामही मिळालें. भाकरी एक वेळ पुरते, हातची विद्या जन्मभर, हें भूक सोसलेल्यासच ठाऊक असतें.

दारावरील पाटी वाचून शेजारी कळत नाहीं. कोण आजारी आहे, कोणाची चूल थंड आहे, हें उंबरठा ओलांडल्यावरच कळतें. आणि ख्रिस्ताची आज्ञा तेथूनच सुरू होते.