मुक्काम कुठे करायचा?



माझे वडील बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यातले निम्मे पुरुष त्या काळी बोटीवरच असत. अब्बांनी जगभरची बंदरे पाहिली. पण कुठल्याही गावाविषयी विचारले की ते म्हणत, ‘‘बंदर बघितलं रे, गाव नाय. रात्र काढल्याबिगर गाव कळत नाय.’’ त्यांच्या पेटीत ब्रिजटाउनचे एक रंगीत पोस्टकार्ड होते. बार्बाडोसची साखर भरायला त्यांची बोट तिथे लागली होती आणि खलाशांना जमिनीवर उतरायला चार तास मिळाले होते. कार्डाची मागची बाजू कोरीच राहिली.

लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने मे २०२३ मध्ये आम्हा दोघांना बार्बाडोसला न्यायचे ठरवले, तेव्हा मी ते कार्ड बॅगेत टाकले. लंडनहून ब्रिजटाउनला थेट विमान आहे, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न चटकन सुटला. राहायचे कुठे, यावरून मात्र घरात पंधरा दिवस वाद चालला.

बेट लहान आहे. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे. एवढ्याशा बेटावर कुठेही राहिले तरी काय फरक पडतो, असे मला वाटत होते. पण या बेटाच्या प्रत्येक बाजूचा समुद्र वेगळा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर कॅरिबियन समुद्र. पाणी तळ्यासारखे शांत, सूर्यास्त समोर. १६२७ मध्ये इंग्रज वसाहतवाले इथेच होलटाउनला उतरले. बेटावरची सर्वांत महागडी हॉटेले याच पट्ट्यात आहेत. मुलीला तिथले, राहणे-खाणे-पिणे सगळे एकाच दरात देणारे हॉटेल हवे होते. ‘‘पप्पा, एकदाच पैसे भरायचे आणि निवांत राहायचं,’’ ती म्हणाली. तिचे चुकत नव्हते. लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील, पोहायचे असेल, तर पश्चिम किनाराच बरा. पण अशा हॉटेलात एकदा पैसे भरले की माणूस सहसा फाटकाबाहेर पडत नाही. शिवाय त्या दरातली दारू आम्हाला नको होती आणि मांसाहार हलाल असेल याची खात्री नव्हती.

मला पूर्व किनारा हवा होता. तिथे बाथशेबा नावाचे गाव आहे. अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आपटतात, पाण्यात घरांएवढे खडक उभे आहेत. कवीला भुरळ पडावी असेच ते ठिकाण. पण तिथे ओढ जबर आहे, पोहणे धोक्याचे. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांची ती जागा. त्यात २०११ पासून अटलांटिकमधून सरगॅसम नावाच्या समुद्री शेवाळाचे थरच्या थर येऊ लागले आहेत. ते मुख्यतः पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या किनाऱ्यावर साचते आणि कुजले की सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते.

निकाल बायकोने लावला. तिने तीनच गोष्टी विचारल्या. स्वयंपाकघर आहे का? बसथांबा किती लांब? गुडघेदुखीच्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील? या तीन प्रश्नांची उत्तरे दक्षिण किनाऱ्यावर मिळाली. तिथे मध्यम दराची, स्वयंपाकघर असलेली छोटी घरे भाड्याने मिळतात. वारा असतो, लाटाही असतात, पण खडकांच्या आडोशाला पोहता येते. बस सतत धावतात. आम्ही गेलो तेव्हा बेटाच्या कुठल्याही टोकाला जायला साडेतीन बार्बेडियन डॉलर पडत. दोन बार्बेडियन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ पासून ठरलेला आहे. मे महिना निवडला, कारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत दर चढे असतात आणि जूनपासून वादळांचा हंगाम सुरू होतो.

हलालचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. ब्रिजटाउनमध्ये मशीद आहे. विसाव्या शतकात सुरत जिल्ह्यातून आलेल्या आणि दारोदार कापड विकणाऱ्या गुजराती मुसलमानांची वस्ती इथे रुजली आहे. शुक्रवारी नमाजानंतर एका वृद्ध गृहस्थांनी मला गुजरातीत हाक मारली. मी मराठीत उत्तर दिले. आमचे झकास जमले. कोंबडी कुठे घ्यायची, तेही त्यांनीच सांगितले.

आमच्या घरमालकीणबाई शेजारच्याच लाकडी घरात राहत. घर दगडांच्या ठोकळ्यांवर नुसते ठेवलेले. या घरांना तिथे चॅटल हाउस म्हणतात. म्हणजे जंगम मालमत्तेतले घर. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, १८३८ मध्ये प्रत्यक्षात. पण जमीन मळेवाल्यांचीच राहिली. मालकाने ‘चालता हो’ म्हटले, तर मजूर घराच्या फळ्या सोडवून, गाडीवर घालून दुसरीकडे जात. त्या जमिनी विकत घेता याव्यात असा कायदा १९८० मध्ये झाला. बाई म्हणाल्या, ‘‘माझ्या आजीचं हे घर तीन ठिकाणी उभं राहिलं. जमीन आमची झाली ती माझ्या वेळी.’’ मुक्काम कुठे करायचा, यावर आम्ही पंधरा दिवस भांडलो होतो. त्यांच्या आजीला तो निवडण्याची सोय नव्हती.

बाईंनीच आम्हाला मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेले कूकू खायला घातले. बायकोला त्यात कोकणच दिसले.

शेवटच्या रात्री मी हट्टाने बाथशेबाला राहिलो. बायको-मुलगीही आल्या. रात्रभर लाटांचा आवाज. झोप कुणालाच लागली नाही. एक रात्र पुरे, हे बायकोचे म्हणणे मला मान्य आहे.

पुढे २९ जून २०२४ रोजी भारताने ब्रिजटाउनमध्येच टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि बेरिल चक्रीवादळामुळे आपला संघ तिथेच अडकून पडला. १ जुलैला वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले. मच्छीमारांच्या कितीतरी होड्या फुटल्या. सगळे विजयाची छायाचित्रे पाहत होते, तेव्हा आमच्या घरी बायको मालकीणबाईंना फोन लावत होती. दोन दिवसांनी निरोप आला : घर जागेवर आहे.

तेव्हा मंडळी, समुद्र कुठला हे आधी पाहा, हंगाम पाहा, बसथांबा पाहा. आणि जमले तर एखाद्याच्या शेजारी राहा.

अब्बांच्या कार्डावर केरिनेज हे जुने बंदर आहे. एके काळी तिथे जहाजे कलती करून त्यांचे तळ खरवडत. मी तिथल्या पुलावर उभा राहिलो आणि कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, ‘‘अब्बा, नऊ रात्री राहिलो.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)